नोकरीही नाही, घरही नाही: अमेरिकेत राज्य बदलताना कशाच्या आधी काय

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण अमेरिकेत राज्य बदलणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात आठवते. घरमालक पगाराच्या दोन स्लिपा मागतो. स्लिपा नोकरीशिवाय मिळत नाहीत. नोकरी देणारा विचारतो, सध्या राहता कुठे? आणि लायसन्सच्या खिडकीमागची बाई शांतपणे सांगते की नव्या राज्यातल्या पत्त्याचे दोन पुरावे आणा, मग बोलू.

मी तीनदा राज्य बदललं. पहिल्यांदा नोकरी हातात होती, दुसऱ्यांदा नव्हती, तिसऱ्यांदा बायकोला होती आणि मला नव्हती. सगळ्यात जास्त पैसे दुसऱ्या खेपेला गेले. नोकरी नसल्यामुळे नाही गेले. नोकरी मिळायच्या आधीच बारा महिन्यांच्या लीजवर (भाडेकरारावर) सही करून बसलो, म्हणून गेले. घर शहराच्या उत्तर टोकाला, सहा आठवड्यांनी मिळालेली नोकरी दक्षिण टोकाला. उरलेले दहा महिने रोज दोन-अडीच तास गाडीत.

म्हणून या लेखातलं सगळं एका क्रमाभोवती फिरतं: आधी कच्चा मुक्काम, मग नोकरी, आणि पक्कं घर सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की खर्च दुप्पट होतो.

व्हिसावर असाल तर आधी हे

नागरिकांनी हा भाग सोडून पुढे जायला हरकत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी फक्त एवढं वाचावं: घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत एआर-११ हा फॉर्म भरून इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवावा लागतो. ऑनलाइन भरता येतो, पैसे पडत नाहीत. कच्च्या मुक्कामाचा पत्ताही पत्ताच असतो, त्यामुळे दोन महिन्यांनी पक्क्या घरात गेलात की तो पुन्हा भरायचा. पोस्टात दिलेली पत्ताबदलाची सूचना वेगळी, हा फॉर्म वेगळा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

एच-१बी (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसा) वर नोकरी गेली असेल तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. त्या ६० दिवसांत आधी राज्य बदलून मग निवांत नोकरी शोधू, हा बेत करू नका. जिथे आहात तिथूनच देशभर अर्ज करा आणि नव्या कंपनीची पिटिशन (तुमच्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे केलेला अर्ज) दाखल झाल्यावरच सामान हलवा. नोकरी तीच ठेवून घरून काम करत दुसऱ्या राज्यात जायचं असेल, तरी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. कामाची जागा त्याच महानगर परिसराच्या बाहेर गेली तर जाण्यापूर्वी सुधारित पिटिशन दाखल करावी लागते. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमिओ निर्णयापासून यात संदिग्धता उरलेली नाही. ग्रीन कार्डचं पर्म (कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी) चालू असेल तर तेही कामाच्या जागेशी बांधलेलं असतं. मॅनेजर "हो, जा की" म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं समजणारे बरेच भेटतात. मॅनेजरला यातलं काही ठाऊक नसतं.

पैशांचा हिशोब, कागदावर

लोक ट्रकचं भाडं काढतात, नव्या घराचं भाडं काढतात आणि तिथेच थांबतात. खरा खड्डा असतो तो मधल्या काळाचा. समजा जुन्या घराचं भाडं १,६०० डॉलर आहे आणि लीज मोडायला दोन महिन्यांचं भाडं भरावं लागतंय: ३,२००. नव्या गावात दोन महिने कच्चा मुक्काम, महिना १,५०० प्रमाणे ३,०००. मग १,८०० भाड्याचं पक्कं घर, पहिला महिना अधिक तेवढंच डिपॉझिट: ३,६००. म्हणजे ट्रक, पेट्रोल, विमा, जेवणखाण यातलं काहीही न धरता ९,८०० डॉलर झाले. शिवाय नोकरी लागली तरी पहिला पगार हातात पडायला दोन ते चार आठवडे जातातच.

माझा स्वतःचा नियम असा: वरचा खर्च बाजूला काढून, नव्या गावातला चार महिन्यांचा जगण्याचा खर्च खात्यात असेल तरच नोकरीशिवाय निघायचं. तीन महिन्यांत निभावणारेही आहेत. दोनमध्ये मी तरी कोणाला जा म्हणणार नाही.

कराचं गणितही इथेच करून टाका, कारण "तिकडे इन्कम टॅक्स नाही" एवढ्या एका वाक्यावर माणसं घर हलवतात. पगारावर राज्याचा आयकर नसलेली राज्यं नऊ: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. पण राज्य चालवायला पैसे लागतातच, ते दुसऱ्या खिशातून काढले जातात. टेक्ससमध्ये प्रॉपर्टी टॅक्स जबर आहे आणि भाडेकरूला तो भाड्यातून जाणवतो. वॉशिंग्टन आणि टेनेसीत सेल्स टॅक्स भारी. शेजारच्या ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही, पण आयकर आहे. म्हणून वॉशिंग्टनमधल्या व्हँकुव्हरला राहायचं, पुलापलीकडे पोर्टलंडला खरेदी करायची, ही तिथली जुनी युक्ती. मात्र नोकरीही पोर्टलंडमध्येच असेल तर त्या पगारावर ओरेगनचा कर लागतो. राहता कुठे याच्या आधी कमावता कुठे हे बघितलं जातं.

सुरुवातीला तासावर मिळेल ते काम करायची तयारी असेल तर किमान वेतनही बघून ठेवा. केंद्राचा दर तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून जागचा हललेला नाही, आणि टेक्ससमध्ये तोच चालतो. वॉशिंग्टन राज्यात २०२५ साठी तो १६.६६ होता. घरभाड्यातला फरक यातून बऱ्यापैकी भरून निघू शकतो.

दुरून नोकरी शोधताना

रेझ्युमेवर जुन्या राज्याचा पत्ता असला की बरेच अर्ज कोणी माणसाने बघायच्या आधीच बाजूला पडतात. त्यावर मित्राचा पत्ता टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. "उद्या सकाळी भेटायला या" असा फोन आला की भांडं फुटतं. त्यापेक्षा पत्त्याच्या जागी सरळ लिहा: "१ जूनपासून ऑस्टिन, टेक्सस येथे वास्तव्य; मुलाखतीसाठी त्याआधीही येऊ शकतो." यात रिक्रूटरच्या मनातल्या दोन्ही शंका मिटतात. हा माणूस खरंच येणार आहे का, आणि येण्याचा खर्च आमच्याकडे मागणार का? लिंक्डइनवरचं ठिकाणही त्याच दिवशी बदला, कारण रिक्रूटर शोधताना गावाची चाळणी लावतात.

"इथेच का?" हा प्रश्न शंभर टक्के येणार. "हवा छान आहे" हे उत्तर पुरत नाही. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी, जवळचं कुटुंब, त्या भागातला तुमच्या क्षेत्राचा उद्योग, असं काहीतरी जमिनीवरचं कारण हवं. कंपनीला भीती असते ती तुम्ही वर्षभरात परत जाल याची.

नर्स, शिक्षक, वकील, सीपीए (अकाउंटंट), थेरपिस्ट, केस कापणारे, या सगळ्यांचे परवाने राज्याचे असतात. राज्य ओलांडलं की परवाना आपोआप मागे येत नाही. नर्सेससाठी चाळीसहून अधिक राज्यांचा आपसातला करार आहे, एका परवान्यावर त्या सर्व राज्यांत काम करता येतं. पण कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क त्यात नाहीत, आणि करारातल्या एका राज्यातून दुसऱ्यात कायमचं राहायला गेलात तर ६० दिवसांत नव्या राज्याकडे अर्ज करावाच लागतो. अ‍ॅरिझोनाने २०१९ मध्ये बाहेरच्या राज्यांचे परवाने बऱ्याच व्यवसायांसाठी मान्य करणारा कायदा केला. त्याच वाटेने नंतर आणखी काही राज्यं गेली. तुमच्या व्यवसायाच्या बोर्डाच्या साइटवर जाऊन अर्जाला किती आठवडे लागतात ते पाहा आणि सामान बांधायच्या आधी अर्ज टाका. पन्नास हजारांचं फर्निचर हलवता येतं, पण अडकलेला परवाना तुम्हाला तीन महिने घरी बसवतो.

बेकारी भत्ता चालू असेल तर राज्य बदलल्याने तो आपोआप बंद होत नाही. जिथे काम केलं त्या राज्याकडून तो येतो, तुम्ही आता कुठे राहता यावरून नाही. फक्त पत्ता कळवायचा, नव्या राज्याच्या रोजगार केंद्रात नाव नोंदवायचं आणि दर आठवड्याला नोकरी शोधत असल्याची नोंद चालू ठेवायची. स्वतःहून नोकरी सोडली तर एरवी भत्ता मिळत नाही. जोडीदाराच्या बदलीमुळे सोडली असेल तर मात्र काही राज्यं ते योग्य कारण मानतात, तेव्हा राजीनामा देण्याआधी तुमच्या राज्याचा नियम वाचा.

केंद्रीय कामगार खात्याच्या पाठबळावर चालणारी अमेरिकन जॉब सेंटर्स प्रत्येक राज्यात आहेत आणि फुकट आहेत. आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या लोकांना तिथे जायला उगाच लाज वाटते. मी गेलो होतो. नोकरी तिथून मिळाली नाही, पण त्या भागातल्या कोणत्या कंपन्या खरोखर माणसं घेताहेत आणि कोणाच्या जाहिराती नुसत्याच महिनोन्‌महिने लटकताहेत, हे तिथल्या माणसाने वीस मिनिटांत सांगितलं.

काम करण्यावर व्हिसाचं बंधन नसेल तर आणखी एक वाट आहे: स्टाफिंग एजन्सीमार्फत तात्पुरतं काम. पैसे थोडे मिळतील. पण दोन आठवड्यांत पगाराची पहिली स्लिप मिळते, आणि त्या कागदाने पुढची दारं उघडतात.

ऑफर आली की आनंदाच्या भरात दोन गोष्टी राहून जातात. पहिली, कंपनीने दिलेला स्थलांतराचा खर्च. २०१८ पासून ही रक्कम पगारासारखीच करपात्र आहे आणि स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चावर केंद्राच्या करात वजावटही मिळत नाही (सैन्यासारखे मोजके अपवाद सोडून). म्हणजे ५,००० देऊ म्हणाले तर हातात ५,००० येणार नाहीत, "कर कापून हातात ५,००० पडतील असं करता येईल का?" हे विचारायला काहीच हरकत नसते. दुसरी, परतफेडीचं कलम. वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या आत सोडून गेलात तर सगळे पैसे परत, असं ते असतं. कंपनीने स्वतःच काढून टाकलं तरी परत द्यायचे का, हे त्यात नीट लिहिलंय ना ते बघा.

कच्चा मुक्काम

याचा अर्थ महिन्या-महिन्याने सोडता येईल अशी कोणतीही जागा. एखाद्या घरातली खोली, सबलेट (दुसऱ्या भाडेकरूकडून भाड्याने घेतलेली जागा), आठवड्याच्या दराचं एक्स्टेंडेड स्टे हॉटेल. विद्यापीठाच्या गावांत मे ते ऑगस्ट विद्यार्थी निघून जातात आणि त्यांच्या खोल्या बऱ्याच स्वस्तात मिळतात. उन्हाळ्यात हलणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. हॉटेलात राहणार असाल तर काउंटरवर विचारा की किती दिवसांनंतर हॉटेल टॅक्स माफ होतो. टेक्ससमध्ये सलग ३० दिवसांच्या मुक्कामाला तो लागत नाही, पण तितकं राहणार हे सुरुवातीलाच लेखी द्यावं लागतं, नाहीतर पहिल्या महिन्याचा कर भरून बसाल.

महाराष्ट्र मंडळांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप इथे खरोखर कामाला येतात. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ पासून आहे आणि बहुतेक मोठ्या शहरांत एक तरी मंडळ सापडतं. "आमच्या बेसमेंटमध्ये राहा दोन महिने" म्हणणारी काकू तिथेच भेटते. भाडं ठरवून, लिहून घ्या मात्र. काकू कितीही प्रेमळ असल्या तरी. कारण तुम्हाला महिन्याचा करार, सही आणि पत्ता असलेला कागद हवाय. बहुतेक राज्यांत लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालतो. पोस्टाच्या पेटीचा क्रमांक त्यासाठी चालत नाही. सबलेट घेताना मूळ घरमालकाची लेखी संमती बघायला विसरू नका, नाहीतर मूळ भाडेकरूच्या जोडीला तुम्हीही बाहेर.

या दोन महिन्यांत करायचं एक काम म्हणजे गाव बघणं. नकाशावर वीस मिनिटं दिसणारं अंतर मंगळवारी सकाळी आठला किती होतं, ते त्या वेळी गाडी चालवूनच कळतं. रात्री दहाला पार्किंगमध्ये उभं राहून बघा. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा जा.

पक्कं घर: अर्ज करताना

बहुतेक अपार्टमेंटवाले महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट मागतात. न्यू यॉर्क शहरात हिशोब वार्षिक असतो, मासिक भाड्याच्या चाळीसपट. १,८०० भाड्याला पहिल्या पद्धतीने महिना ५,४०० लागतात, दुसऱ्या पद्धतीने वर्षाला ७२,०००. त्यासोबत क्रेडिट रिपोर्ट (कर्ज आणि बिलं वेळेवर फेडलीत का याचा अहवाल), आधीच्या घरमालकाचा हवाला आणि पार्श्वभूमीची तपासणी.

पगाराच्या स्लिपा नसतील तर ऑफर लेटर चालतं. त्यावर रुजू होण्याची तारीख आणि वार्षिक पगार स्पष्ट हवा. ऑफरही नसेल तर बँकेचे तीन महिन्यांचे स्टेटमेंट, किंवा जामीनदार. मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्लेक्समध्ये संगणक नाही म्हणाला की संपलं, तिथल्या मॅनेजरच्या हातात फारसं नसतं. एक-दोन घरं भाड्याने देणारा मालक मात्र समोर बसून बोलतो. नोकरी नसताना मला घर दिलं ते अशाच एका निवृत्त गृहस्थांनी. जुन्या घरमालकाचं पत्र आणि चार वर्षांत एकदाही भाडं उशिरा गेलं नसल्याचा बँकेचा पुरावा एवढ्यावर ते तयार झाले. "सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो" हा उपाय बरेच जण सुचवतात. काही राज्यांत घरमालकाने किती आगाऊ घ्यावं यावर मर्यादा आहेत, आणि पैसे आधी दिल्यावर घरात बिघाड झाला तर आपली बाजू लंगडी पडते. मी तरी तो शेवटचा उपाय मानतो.

अर्ज करण्याआधी आठवणीने एक करा. क्रेडिट फ्रीझ केलेलं असेल (म्हणजे तुमचा रिपोर्ट कोणाला बघता येऊ नये म्हणून बंद ठेवलेला असेल) तर तात्पुरतं उठवा. फ्रीझ लावणं आणि काढणं दोन्ही फुकट आहे, पण एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे वेगवेगळं जावं लागतं. माझा अर्ज एका शुक्रवारी यामुळे अडला, आणि सोमवारी ते घर दुसऱ्याला गेलेलं. क्रेडिट किंवा तपासणीच्या अहवालावरून नकार दिला तर तसं तुम्हाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ६० दिवसांत मागितलात तर तो अहवाल फुकट मिळतो. मागाच. नावाच्या स्पेलिंगमुळे दुसऱ्याच कोणाची भानगड आपल्या नावावर चढलेली असणं हे मराठी आडनावांच्या बाबतीत फार दुर्मीळ नाही.

डिपॉझिटचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू यॉर्कमध्ये २०१९ पासून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि अर्जासाठी क्रेडिट व पार्श्वभूमी तपासणीची फी २० डॉलरच्या वर नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून मर्यादा एका महिन्याची, अगदी लहान घरमालकांना दोन महिन्यांपर्यंत घ्यायची मुभा. टेक्ससमध्ये मर्यादाच नाही.

लीज वाचताना भाड्याचा आकडा सगळेच बघतात. तुम्ही आधी शोधायचं ते मुदतीआधी सोडण्याचं कलम. नवीन गावात नवीन नोकरी, म्हणजे दोन्हीपैकी एक तरी बदलण्याची शक्यता धरूनच सही करायची. किती दिवसांची सूचना, किती दंड, सबलेट करता येतं का? काही ठिकाणी लीज संपतानाही ६० दिवस आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर ते महिन्या-महिन्याच्या चढ्या दराने पुढे चालू राहतं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण प्रकार नेहमी तोच असतो. बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त घर. मालक परदेशात किंवा धर्मकार्यावर. किल्ली कुरियरने येणार. पैसे झेलने (फोनवरून थेट बँकेतून पैसे पाठवायची सोय) किंवा गिफ्ट कार्डने, आजच. घर आतून पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. स्वतः जाता येत नसेल तर त्या गावातल्या ओळखीच्याला पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवायला सांगा. मालक खरा आहे का हे तपासायचा सोपा रस्ता आहे: काउंटीच्या मालमत्ता नोंदी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन खुल्या असतात. पत्ता टाका, मालकाचं नाव बघा, करारावरच्या नावाशी ताडून घ्या.

जुन्या घरातून निघताना

लीज मोडणं म्हणजे उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं, असं घरमालक सांगतात. बहुसंख्य राज्यांत घरमालकाला नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करावाच लागतो, आणि तो मिळाला की तुमची जबाबदारी थांबते. म्हणून स्वतःच एखादा चांगला भाडेकरू शोधून समोर उभा करा. वाटाघाटीत याच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला नसतं. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, ओव्हनच्या आतला आणि फ्रिजच्या मागचासुद्धा. नवा पत्ता लेखी द्या. कॅलिफोर्नियात डिपॉझिट २१ दिवसांत परत करायचं असतं, टेक्ससमध्ये ३० दिवसांत, पण टेक्ससमध्ये तुम्ही पुढचा पत्ता लेखी कळवेपर्यंत घरमालकावर ते परत करायचं बंधन येत नाही. तोंडी सांगितलं होतं, याला किंमत नाही.

सामान

आधी विका. माझ्या सोफ्याला ट्रकमध्ये जितकी जागा लागली तितक्या पैशांत तिकडे दुसरा आला असता. पुस्तकं पोस्टाच्या मीडिया मेलने पाठवा, स्वस्त पडतं.

मूव्हर ठरवताना यूएसडीओटी नंबर मागा आणि तो एफएमसीएसए या केंद्रीय संस्थेच्या साइटवर तपासा. राज्याच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक मूव्हरकडे तो असायलाच हवा. समोरचा खरा ट्रकवाला आहे की नुसता दलाल, हेही तिथे कळतं. दलालाने सांगितलेला भाव ट्रकवाल्याला बांधील असेलच असं नाही, रडण्याच्या बहुतेक कहाण्या इथूनच सुरू होतात. अंदाज बाइंडिंग (बांधील) नसेल तर सामान पोचल्यावर अंदाजाच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त रोख मागून ते अडवून ठेवता येत नाही. वरचं बिल नंतर. आणि फुकटच्या विम्यावर विसंबू नका. तो पौंडाला ६० सेंट या दराने असतो. वीस पौंडांचा टीव्ही फुटला तर १२ डॉलर हातात.

पासपोर्ट, जन्मदाखले, सोशल सिक्युरिटी कार्ड, लसीकरणाच्या नोंदी, गाडीचं टायटल (मालकीचा कागद), लग्नाचा दाखला हे ट्रकमध्ये जात नाही. ती पिशवी तुमच्या पायाशी.

पोचल्यावर

पत्त्याच्या पुराव्यापासून सुरुवात. लीज किंवा महिन्याचा करार हा एक कागद झाला. दुसऱ्यासाठी वीज किंवा इंटरनेट स्वतःच्या नावावर घ्या, बँकेत पत्ता बदला. मग लायसन्स. मुदती राज्यागणिक इतक्या वेगळ्या आहेत की अंदाजाने चालू नका. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत लायसन्स आणि २० दिवसांत गाडीची नोंदणी. टेक्ससमध्ये लायसन्सला ९० दिवस, गाडीला ३०. फ्लोरिडात लायसन्सला ३०, पण नोकरी धरली किंवा मुलं शाळेत घातली की गाडीला फक्त १०. अपॉइंटमेंट मिळायलाच कुठे कुठे आठवडे लागतात, तेव्हा निघायच्या आधीच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. गाडीचा विमा नव्या राज्याचा झाल्याशिवाय नोंदणी होत नाही, म्हणून विमा आधी. कॅलिफोर्नियात नवीकोरी गाडी बाहेरून आणत असाल आणि ती ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली असेल, तर ती कॅलिफोर्नियाच्या धुराच्या निकषांची आहे याची खात्री करा, नाहीतर एरवी नोंदणीच करत नाहीत.

आरोग्य विमा हा एकच विषय एक दिवसही लांबवू नका. नोकरी सुटल्यावर कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशांनी चालू ठेवायची सोय) निवडायला किमान ६० दिवस मिळतात आणि निवडल्यावर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. त्यामुळे महाग असला तरी मधल्या आठवड्यांसाठी तो एक मागचा दरवाजा असतो. मार्केटप्लेसवर (स्वतः विमा घ्यायच्या सरकारी बाजारात) राज्य बदलल्याबद्दल नोंदणीची खास मुदत मिळते, तीही ६० दिवसांची, पण त्यासाठी हलण्याच्या आधीच्या ६० दिवसांत निदान एक दिवस तरी विमा असायला हवा. म्हणजे जुना विमा खूप आधी सोडून दिलात तर राज्य बदलण्याचा हा फायदाही गेला. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) राज्याचं असतं. जुन्या राज्यातलं बंद करून नव्यात नव्याने अर्ज करायचा.

मुलांच्या शाळेला लसीकरणाच्या नोंदी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. मोठं मूल कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल तर तारखा जपून ठेवा: टेक्सस आणि कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत रहिवाशांची फी मिळायला किमान वर्षभराचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं, आणि घड्याळ कशापासून सुरू झालं हे लीज, लायसन्स, मतदार नोंदणी यांच्या तारखांवरून ठरवतात.

करासाठी त्या वर्षात तुम्ही दोन राज्यांचे अर्धवट रहिवासी असता. दोन्हीकडे आयकर असेल तर दोन रिटर्न. जुन्या राज्यातला शेवटचा दिवस आणि नव्यातला पहिला दिवस एका कागदावर लिहून ट्रकच्या पावतीसोबत ठेवून द्या. नोकरी तीच ठेवून हलला असाल तर पेरोलवाल्यांना लेखी कळवा आणि पुढच्या स्लिपेवर कोणत्या राज्याचा कर कापलाय ते स्वतः बघा. न्यू यॉर्कमधल्या कंपनीसाठी आपल्या सोयीने बाहेरच्या राज्यात घरी बसून काम करत असाल तर न्यू यॉर्क त्या पगारावर कर लावतंच राहतं, हे ठाऊक नसलेले लोक एप्रिलमध्ये फोन करतात. आमच्या घरी तर पेरोलमध्ये राज्य बदलायला तीन महिने लागले. जुन्या राज्याने कापलेले पैसे परत मिळाले, पण रिटर्न भरून, पुढच्या वर्षी.